काळी, पांढरी आणि मुरूम

२०२४च्या मार्चमध्ये गावाहून चुलतभावाचा फोन आला.

"दादा, आपल्या बरडाले गिऱ्हाईक आलं. मुरूम पाह्यजे त्याले, रस्त्याच्या कामाले. ब्रासवर पैसे देतो म्हणते. तू दगडाचंच शिकला ना? सांग बरं, देऊ का नको?"

बरड म्हणजे मालेगाव तालुक्यातली आमची सव्वादोन एकरांची टेकडी. वाटण्या झाल्या तेव्हा ती कुणालाच नको होती, म्हणून सामाईक राहिली. कुसळी गवत, चार-दोन पळस आणि दिवसभर बकऱ्या. सातबाऱ्यावर 'पोटखराब'. मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता पुण्यात राहून भूजलाची कामं करतो. एवढ्या वर्षांत माझ्या शिक्षणाचा घरात कुणाला तरी उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ. मी म्हटलं, "दोन दिवस दे."

त्याच आठवड्यात माझ्या फोनवर एक वेगळीच बातमी फिरत होती. पृथ्वीच्या इतिहासाची युगं ठरवणाऱ्या भूशास्त्रज्ञांच्या समितीत मतदान झालं होतं. प्रश्न असा होता: माणसानं पृथ्वी इतकी बदलली आहे की आता नवं युग सुरू झालं असं अधिकृतपणे जाहीर करायचं का? या युगाचं नाव 'अँथ्रोपोसीन', मराठीत मानवयुग. पॉल क्रुट्झन आणि युजीन स्टोर्मर या दोन शास्त्रज्ञांनी २००० साली हा शब्द पुढे आणला. २००९ साली त्यावर अभ्यासगट बसला. पंधरा वर्षांच्या कामानंतर निकाल आला: बाजूनं ४, विरोधात १२. प्रस्ताव फेटाळला.

म्हणजे कागदोपत्री आपण अजून होलोसीन युगातच आहोत, जे ११,७०० वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग सरल्यावर सुरू झालं. गंमत म्हणजे होलोसीनच्या शेवटच्या भागाला २०१८ साली अधिकृत नाव मिळालं ते आपल्याकडचं. मेघालयातल्या मॉमलुह गुहेतल्या चुनखडीच्या थरात ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाची खूण सापडली, म्हणून त्या भागाचं नाव 'मेघालयन'. तुम्ही हे वाचताय ते मेघालयन काळात बसून.

एकीकडे जगातले भूशास्त्रज्ञ माणसाचा थर मोजावा की नाही यावर भांडत होते आणि दुसरीकडे माझा भाऊ विचारत होता, की टेकडी विकू का. मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटायला लागले.

*

आधी टेकडी कशाची आहे ते सांगतो.

साडेसहा कोटी वर्षांहून थोडं आधी भारताचा तुकडा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. तेव्हा जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला. आपण सिनेमात बघतो तसा शंकूच्या आकाराचा डोंगर फुटला असं नव्हे. भेगांतून पातळ लाव्हा आला, मैलोन् मैल पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा दुसरा आला. पश्चिम घाटात या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. आज उरलेला पसारा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे आणि वाशीम जिल्हा जवळजवळ सगळा त्यावरच बसलाय. आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो तो बसॉल्ट, तो हाच.

दोन लाव्ह्यांच्या मध्ये कधी कधी मोठी उसंत मिळायची. त्या काळात वरचा खडक कुजायचा, त्याची माती व्हायची. मग नवा लाव्हा यायचा आणि ती माती दाबून, भाजून टाकायचा. विहीर खणताना काळ्या खडकाच्या मध्येच जो तांबडा पट्टा लागतो, तो हा. आमच्याकडे त्याला गेरू म्हणतात. यारीवर काम करणाऱ्या माणसाला तो लगेच ओळखू येतो, कारण तिथं कुदळ चालते आणि बादलीचा रंग बदलतो. हातभर गेरू म्हणजे हजारो वर्षांची उसंत. विद्यार्थी असताना पहिल्यांदा विहिरीत उतरून मी त्या पट्ट्याला हात लावला होता. ती एके काळची जमीन होती. तिच्यावरही पाऊस पडला असणार, तिच्यावरही काहीतरी उगवलं असणार.

रिसोडहून तासाभरावर लोणार आहे. तिथं याच बसॉल्टवर अशनी आदळला आणि पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद खड्डा पडला. पूर्वी त्याचं वय ५० हजार वर्षं सांगायचे. नव्या मोजणीत ते सुमारे पावणेसहा लाख वर्षं निघालं. सांगायचं कारण इतकंच, की आमच्या भागात जमिनीवर अचानक काहीतरी कोसळणं ही नवी गोष्ट नाही. लाव्हा आला, अशनी आला. आता पोकलेन येणार होतं.

आणि इथं एक हिशेब डोकं फिरवणारा आहे. दख्खनच्या लाव्ह्यानं हवेत प्रचंड कार्बन डायऑक्साइड सोडला, पण लाखो वर्षांत. दरवर्षीची सरासरी काढली तर आज कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण जो सोडतो त्याचा वेग कितीतरी जास्त आहे. आजच्या जगातल्या सगळ्या ज्वालामुखींची वर्षाची बेरीज आपल्या एका वर्षाच्या एक टक्क्यालाही पोचत नाही.

*

आता माणसाचा थर. याच्यासाठी मला कॅनडाला जायची गरज नाही, आजीचा शब्द पुरतो: पांढरी.

गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' लिहिलं, त्यात गावाची हीच विभागणी आहे. भोसल्यांच्या नागपूर राज्यात तर शेती न करणाऱ्यांवरच्या कराचं नावच 'पांढरी' होतं.

वस्तीची जमीन पांढरी का होते? शेकडो वर्षं त्याच जागी चुली पेटतात, राख पडते. मातीच्या भिंती पावसात विरघळतात, त्यावर नवं घर उभं राहतं. शेण, हाडं, खापरं, केरकचरा. हळूहळू गावाखाली एक टेकाड तयार होतं आणि त्याची माती आजूबाजूच्या काळ्या मातीहून वेगळी दिसते, राखाडी, भुरभुरीत. माणसानं केलेला भूस्तरच तो. त्यात फॉस्फेट इतकं असतं की पुरातत्त्वज्ञ माती तपासून जुनी वस्ती कुठं होती ते सांगू शकतात.

आमच्या शेतकऱ्यांना हे तपासणीशिवाय माहीत होतं. उजाड झालेल्या वस्तीची, पडक्या गढीची पांढरी माती गाड्यांनी वाहून शेतात टाकत, कारण पीक जोमात येतं. धाब्याच्या घरावरही तीच टाकायची, पाणी गळू नये म्हणून. पुरातत्त्वज्ञ याच्यावर वैतागतात, आणि त्यांचं बरोबर आहे. पण मला यातलं एक चक्र आवडतं. काळीनं पिकवलेलं पांढरीवर खाल्लं, आणि शे-दोनशे वर्षांनी पांढरी पुन्हा काळीत गेली.

वाशीमची पांढरी फार जुनी. हेच वाकाटकांच्या एका शाखेचं राजधानीचं गाव, वत्सगुल्म. अजिंठ्याची काही उत्तम लेणी ज्याच्या काळात झाली तो हरिषेण याच शाखेचा. १९३९ साली वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. त्याचा वंशावळीचा भाग संस्कृतात आहे आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात. मजकूर काय, तर ब्राह्मणांना दिलेल्या गावाचं दानपत्र. राजा गेला, राजधानी गेली, उरली ती जमिनीची नोंद. सातबाऱ्याचा जुना पूर्वज म्हणा.

*

मानवयुग सुरू केव्हा झालं, यावरच शास्त्रज्ञांचं गाडं अडलं होतं. क्रुट्झननं अठराव्या शतकाचा शेवट सुचवला, वाफेच्या इंजिनाचा काळ. अभ्यासगटानं शेवटी विसाव्या शतकाचा मध्य धरला, कारण अणुचाचण्यांचं प्लुटोनियम त्या सुमारास जगभरच्या गाळात एकदमच उतरलं. खूण म्हणून त्यांनी कॅनडातलं क्रॉफर्ड नावाचं तळं निवडलं. त्या तळ्याच्या तळाशी दरवर्षी एक पातळ थर बसतो, झाडाच्या वलयांसारखा, आणि तो कुणी ढवळत नाही.

आमच्या काळ्या मातीला हे जमणार नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती आत ढासळते. पावसात ती फुगते आणि आतलं वर ढकलते. काळी स्वतःच स्वतःला नांगरते असं म्हणतात ते खरं आहे. लहानपणी माझी गोटी भेगेत गेली ती परत मिळाली नाही. शंभर वर्षांपूर्वीचं आणि कालचं, दोन्ही तिच्यात शेजारी-शेजारी सापडतं.

पण क्रॉफर्डच्या गाळातही एक गोष्ट आहे जी मला फार बोलकी वाटते. प्लुटोनियमच्या थराच्या खाली, तेराव्या ते पंधराव्या शतकाच्या थरांत, मक्याचे परागकण सापडले. तळ्याच्या काठी तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव होतं. म्हणजे जी जागा १९५०च्या खुणेसाठी निवडली, तिच्यातही आधीची पांढरी निघालीच.

म्हणूनच ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांचं मला बऱ्यापैकी पटतं. त्यांच्यातल्या अनेकांचं म्हणणं असं, की माणसानं पृथ्वी बदलली हे खरंच आहे, पण त्याला एका तारखेची रेघ मारता येत नाही. ही एक लांबलेली घटना आहे, ठिकठिकाणी वेगवेगळ्या वेळी सुरू झालेली.

वऱ्हाडापुरतं विचाराल तर मी १८६१ कडे बोट दाखवीन. निजामानं १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळीकडे वळली. गवताची रानं नांगराखाली गेली. ज्वारीच्या जागी कापूस चढला. शतकाच्या शेवटी लागोपाठ दुष्काळ आले तेव्हा वखारीत कापूस होता आणि घरात दाणा नव्हता. पुढं मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला छोट्या रुळांची गाडी आली, शकुंतला, तीही मुळात कापसासाठीच. वाशीम, तेव्हाचं बासीम, १९०५ पर्यंत वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. मग अकोल्यात गेला आणि पुन्हा जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडलं.

तर मँचेस्टरचा कोळसा आणि बासीमची माती एकाच धाग्याला बांधल्या गेल्या. धूर तिकडं झाला, पण त्या धुराला कापूस आमच्या जमिनीनं पुरवला.

*

माझ्या डोळ्यांदेखत झालेला बदल सोयाबीनचा. माझ्या लहानपणी आमच्याकडे कापूस, ज्वारी, तूर होती. आता खरिपात जिकडं बघाल तिकडं सोयाबीन. आणि सोयाबीनसोबत डीएपीची थैली.

या थैलीतल्या फॉस्फेटबद्दल सांगायलाच हवं, कारण या लेखातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट तीच आहे. भारतात फॉस्फेटचा दगड फारसा नाही. तो आणि त्याच्यापासून केलेला माल बाहेरून येतो, त्यातला बराचसा मोरोक्को, जॉर्डनसारख्या देशांतून. मोरोक्कोचा फॉस्फेट म्हणजे जुन्या समुद्रतळाचा गाळ, शार्कचे दात आणि समुद्री सरड्यांची हाडं असलेला. त्याच्या खालच्या थरांचं वय डायनोसॉरच्या शेवटच्या काळातलं, वरच्यांचं त्यानंतरचं.

म्हणजे इकडं दख्खनमध्ये लाव्हा पसरत होता, साधारण त्याच काळात तिकडं तो समुद्रतळ साचत होता. हे दोन खडक एकमेकांना कधी भेटण्याचं कारण नव्हतं. ते आता माझ्या काकांच्या पाच एकरांत दर जूनमध्ये मिसळतात. आफ्रिकेच्या कोपऱ्यातला समुद्र उचलून वऱ्हाडच्या लाव्ह्यावर पसरायचा, हे लाव्ह्याला जमलं नाही, अशनीला नाही, खंडांच्या सरकण्याला नाही. ते काम पेरणीयंत्रानं होतं. आणि पांढरीची गाडी त्यामुळंच थांबली. आता पांढरी माती शेतात कुणी टाकत नाही.

२०२० साली एका अभ्यासात हिशेब आला होता, की माणसानं बनवलेल्या वस्तूंचं एकूण वजन पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांच्या वजनाला गाठतंय, सुमारे १.१ लाख कोटी टन. आपल्याला वाटतं यात प्लास्टिक असेल, मोबाइल असतील. आहेतही, पण सगळ्यात मोठा वाटा काँक्रीट आणि खडीचा आहे. मानवयुगाचा खरा दगड म्हणजे गिट्टी, वाळू, मुरूम. माझ्या भावाच्या फोनवर जे गिऱ्हाईक होतं, ते याच ढिगासाठी आलेलं.

*

दोन दिवसांनी मी त्याला फोन केला आणि म्हटलं, "देऊ नकोस."

कारण भूजलाचं होतं. बसॉल्ट आतून कोरडा असतो. पाणी धरतो तो वरचा कुजलेला, भेगाळलेला भाग, म्हणजे मुरूम. आमची पन्नास फुटांची विहीर टेकडीच्या पायथ्याला आहे. पावसाळ्यात टेकडी पाणी पिते आणि हिवाळाभर हळूहळू विहिरीला सोडते. "मुरूम म्हणजे आपल्या विहिरीची टाकी आहे," मी म्हटलं. "टाकी विकून नळ कसा चालेल?"

मला स्वतःची उपमा आवडली होती. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, पाणी राहीन. पण पोरीची नर्सिंगची फी त्या पाण्यानं भरू का?"

मी काही बोललो नाही.

"आन एक विचारू? तुह्या पुण्यातल्या बिल्डिंगीखाली मुरूम नाही काय? तो कोणाच्या बरडाचा हाय?"

हे मला खूप लागलं, कारण ते खरं होतं. 'मानवानं पृथ्वी बदलली' असं आपण सहज म्हणतो, तेव्हा त्यात माझे काकाही येतात आणि ज्यांचं घर विसाव्या मजल्यावर आहे तेही. एका भारतीयामागं वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो, एका अमेरिकन माणसामागं चौदाच्या आसपास. आणि आमच्या घरातही काका आणि मी सारखे नाही. त्यांची मोटरसायकल आणि विहिरीवरची मोटर. माझा फ्लॅट, गाडी, वर्षातून दोनदा विमान. मानवयुगाच्या थरात माझा वाटा त्यांच्याहून जाड आहे आणि सल्ला मात्र मी देत होतो.

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. विहिरीच्या बाजूचा उतार तसाच ठेवायचा, पलीकडचा द्यायचा. आमची टेकडी दोन खोऱ्यांच्या मधल्या धारेवर आहे. विहिरीच्या बाजूचं पाणी पैनगंगेला जातं, तिथून गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात. पलीकडचं काटेपूर्णेतून पूर्णेला, तापीला आणि अरबी समुद्रात. तर आम्ही अरबी समुद्राची बाजू विकली. तहसीलची परवानगी काढली, रॉयल्टी भरली गेली. मे महिन्यात पोकलेन आलं आणि हायवांची रांग लागली. एकवीस दिवस. पोरीची दोन वर्षांची फी निघाली.

दिवाळीत गेलो तेव्हा पहिल्यांदा तो कापलेला भाग बघितला. खरं सांगतो, आधी मला आनंद झाला. एवढा स्वच्छ छेद कॉलेजच्या सहलीतही बघितला नव्हता. वर वीतभर माती, खाली पिवळसर मुरूम, त्याच्या खाली कांद्याच्या सालींसारखे सुटलेले गोल धोंडे, आणि तळाशी गेरूचा लालभडक पट्टा. मी वेड्यासारखे फोटो काढले. काकू बांधावर उभी होती. ती म्हणाली, "पळस गेले ना बाप्पा पलीकडचे." ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

२०२५च्या मे महिन्यात विहिरीची पातळी मोजायची आणि आधीच्या वर्षाशी ताडून बघायची असं मी ठरवलं होतं. टेकडी अर्धी गेल्यानं काय फरक पडला ते आकड्यात कळलं असतं. पण त्या मेमध्ये अवकाळी असा कोसळला, की विहिरीत आठ फूट पाणी जास्तच निघालं. आकडा वहीत लिहिला, त्याच्यापुढं 'निरुपयोगी' असंही लिहिलं.

मग पलीकडं गेलो. मुरूम काढलेल्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. गेरू चिकण असतो, पाणी झिरपू देत नाही. चांगलं अर्ध्या एकराचं तळं झालं होतं, दोन म्हशी आत बसल्या होत्या. चप्पल काढून काठानं आत उतरलो आणि तळाशी हात घातला. गेरूच्या वर बोटभर काळा गाळ बसला होता, शेजारच्या शेतातून वाहून आलेला, लोण्यासारखा मऊ. त्यात गुटख्याची एक पुडी होती, निम्मी रुतलेली. पहिल्या वर्षाचा थर.

भाऊ काठावरून बघत होता.

"दादा, याच्यात मासे सोडावं म्हणतो. रोहू सोडू का कटला?"

मी म्हटलं, मला माशांतलं काही कळत नाही.

"मंग शिकला काय तू एवढे वर्षं?" तो म्हणाला, आणि म्हशी हाकायला पाण्यात उतरला.